पेठेतलं घर आणि विजेची गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेतली असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" दुसरा : "बॅटरी गेली तर किती खर्च?" तिसरा, जरा आवाज खाली आणून : "खरं सांग, परवडते का?" गेल्या दीड वर्षात लग्नकार्यात, हळदी-कुंकवात, मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी या तीन प्रश्नांची उत्तरं इतक्या वेळा दिली आहेत की आता आमचा सहा वर्षांचा चिरंजीवही ती पाठ म्हणून दाखवतो. पण ज्या एका प्रश्नावर सगळं अवलंबून आहे, तो सहसा कुणी विचारत नाही. तो म्हणजे, तुमची गाडी दिवसाचे उरलेले बावीस तास कुठे उभी असते?

आम्ही राहतो हुबळीच्या दाजीबानपेठेत. ज्यांनी पेठ पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. तुळजाभवानीच्या देवळाचा परिसर, पलीकडे दुर्गदबैलचा बाजार, खाली दुकानं आणि वर घरं. आमचंही तसंच. खाली अप्पांचं छोटं दुकान, मागून जिना, वर आम्ही सहा जण : अप्पा, आई, आत्या, मी, बायको आणि मुलगा. दारासमोरच्या गल्लीत सकाळी सातला भाजीच्या हातगाड्या, दहानंतर माल उतरवणारे टेम्पो आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या दुचाक्या. नवरात्रात तर पायी चालणंच बरं. या गल्लीत चारचाकी रात्रभर उभी करायची म्हणजे रोज एका नव्या माणसाशी भांडण. त्यामुळे आमची जुनी पेट्रोल गाडी दहा मिनिटांच्या अंतरावरच्या एका मोकळ्या प्लॉटवर महिन्याच्या भाड्याने ठेवलेली असायची. तिथे पत्र्याचं फाटक आहे आणि एक राखणदार. विजेचा खांब फाटकाबाहेर आहे, पण प्लॉटला मीटर नाही.

माझं ऑफिस धारवाडच्या पलीकडे, बेळगाव रस्त्यावर बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत. चन्नम्मा सर्कल, होसूर, विद्यानगर, उणकल तलाव, नवनगर, सत्तूर, नवलूर असं करत धारवाड आणि तिथून पुढे. जाऊन-येऊन ६५ किलोमीटर. "मग चिगरीने का जात नाहीस?" हा प्रश्न रास्त आहे. हुबळी-धारवाडची चिगरी, म्हणजे रस्त्याच्या मधल्या राखीव मार्गिकेतून धावणारी वातानुकूलित बस, २०१८ पासून सुरू आहे आणि माझ्या मते या जुळ्या शहरांना गेल्या काही वर्षांत मिळालेली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये काळवीट, आणि सिग्नलला अडकलेल्या मोटारींशेजारून ती खरोखर तशीच जाते. काम धारवाड गावात असतं तर मी गाडीचा विचारही केला नसता. पण धारवाडहून पुढचे दहा किलोमीटर आणि रात्री साडेनऊला संपणाऱ्या परदेशी क्लायंटच्या मीटिंगा यांची सांगड बसशी बसत नाही. आठवड्यातले एक-दोन दिवस सहकाऱ्याची सोबत असली तर मी अजूनही चिगरीने जातो. बाकीचे दिवस गाडी.

आता हिशेब. इंजिनिअर असल्यामुळे एक्सेल शीट झालीच. महिन्याला २४ दिवस धरले तर साधारण १,५६० किलोमीटर. आमची पेट्रोल गाडी या थांबत-थांबत जाणाऱ्या रस्त्यावर लिटरला १६ देत होती. पेट्रोल १०३ रुपये धरलं तर महिन्याचा खर्च दहा हजारांच्या घरात. छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक, बॅटरी २४ युनिटची (बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात मोजतात, आणि एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट). चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून भिंतीतल्या एका युनिटमागे सात किलोमीटर. म्हणजे महिन्याला सुमारे २२३ युनिट. साडेसहा रुपये दराने साडेचौदाशे रुपये. दहा हजार कुठे आणि साडेचौदाशे कुठे!

पण इथे कर्नाटकातल्या वाचकांसाठी एक गंमत आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून 'गृहज्योती' योजनेत घरगुती ग्राहकाला महिन्याला २०० युनिटपर्यंतची वीज मोफत आहे. म्हणजे सरसकट २०० नव्हे. आधीच्या वर्षी तुमचा जो सरासरी वापर होता, त्यावर दहा टक्के वाढीव, एवढा तुमचा वाटा. आणि वापर २०० च्या वर गेला की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं. आमच्या घराचा वापर १३० युनिटच्या आसपास, त्यामुळे बिल शून्य. त्यात गाडीचे २२३ मिळवले की होतात ३५३. मग साडेसहाच्या दराने सगळेच युनिट आणि वर स्थिर आकार, मिळून पावणेतीन हजार. म्हणजे घरी चार्जिंगचा खरा खर्च साडेचौदाशे नसून पावणेतीन हजार. तरी पेट्रोलच्या पाव हिश्शाहून फार जास्त नाही, हेही खरं.

पण तो पुढचा मुद्दा. आधीचा मुद्दा हा की आमच्याकडे 'घरी चार्जिंग' शक्यच नव्हतं.

गाडी विकणारा तरुण मोठा उत्साही होता. म्हणाला, "सर, घरातला पंधरा अँपिअरचा सॉकेट पुरे. मोबाइलसारखं रात्री लावायचं, सकाळी काढायचं." त्याचं म्हणणं चूक नाही. बंगलोरची रेवा २००१ मध्ये बाजारात आली तेव्हापासून हीच कल्पना आहे : पोर्चमध्ये गाडी, भिंतीला सॉकेट. पण यात पोर्च गृहीत धरलेला आहे. बेळगावच्या गल्ल्या, कोल्हापूरच्या पेठा, पुण्यातली सदाशिव-नारायण, आमची दाजीबानपेठ, इथे राहणाऱ्या माणसाने मोबाइलसारखी गाडी लावायची तर कुठे? वरच्या मजल्यावरून वायर सोडायची हा विचार शेजारच्या काकांनी सुचवला होता. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी सहा-सात तास सलग तेवढीच वीज ओढते. त्यासाठी जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग लागतं. चाळीस वर्षांच्या जुन्या वायरिंगवरून एक्स्टेन्शन काढून ती पावसाळ्यात, पोरं खेळतात त्या गल्लीत लोंबकळत ठेवायची हे मला पटण्यासारखं नव्हतं. आणि गाडी मुळात गल्लीत उभी राहतच नाही.

मग राहिली सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्रं. तिथे करांसह युनिटला वीस रुपये किंवा त्याहून थोडे जास्त पडतात. महिन्याचे साडेचार-पाच हजार. तेही पेट्रोलपेक्षा निम्मेच. पण आमच्यासारख्या छोट्या गाडीला दहा टक्क्यांवरून ऐंशीवर जायला तिथेही तासभर लागतो, आणि रोज ६५ किलोमीटरच्या हिशेबाने महिन्यातून दहा-बारा वेळा जावं लागणार. रात्री दहाला ऑफिसातून निघालेल्या माणसाने वाटेत तासभर गाडीत बसून राहायचं, हे आठवडाभर जमतं, वर्षभर नाही.

इथे आमच्या घरात तिसरा पर्याय आला आणि तो गाडीपेक्षा मोठा होता. माझ्या मेहुण्याने सहज सुचवलं : केशवापूर किंवा विद्यानगरकडे एखादा फ्लॅट घ्या. खाली स्टिल्ट पार्किंग, स्वतःच्या मीटरवरून पॉइंट, मुलाची शाळा जवळ. बायकोला ते आवडलं, आणि का आवडू नये? रोज सकाळी दहा मिनिटं चालत जाऊन गाडी आणायची, मुलाला पाठीवर दप्तर देऊन हातगाड्यांमधून न्यायचं, हे तीच करते. आईच्या गुडघ्यांना जिना नको झालाय. लिफ्ट म्हटल्यावर तिचेही डोळे चमकले.

अप्पा मात्र काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना एवढंच म्हणाले, "म्हैस घेतली की गोठा बांधतात हे ऐकलं होतं. गाडी घेतली म्हणून घर सोडलेलं पहिल्यांदाच ऐकतोय."

आम्ही हसलो, पण त्या बोलण्यातलं सगळ्यांना कळलं. अप्पा एकाहत्तर वर्षांचे. सकाळी साडेआठला दुकान उघडतात ते फार मोठ्या धंद्यासाठी नाही. उघडलं की चारजण येऊन ओट्यावर बसतात, पेपर वाचतात, एकाच चहाचे दोन कप होतात, मराठी-कन्नड मिसळून राजकारण होतं. केशवापुराहून ते रोज रिक्षाने येणार का? महिनाभर येतील, मग पाऊस आहे म्हणून येणार नाहीत, मग शटर कायमचं खाली. पेठेतली अशी शटरं आम्ही पाहिली आहेत. घर सोडायचं की नाही हा प्रश्न कधीतरी आमच्यापुढे येणारच आहे. आईच्या गुडघ्यांमुळे येईल, मुलाच्या शिक्षणामुळे येईल. पण तो एका सॉकेटमुळे ठरू नये, एवढं मला वाटत होतं.

म्हणून मी शीटमध्ये एक नवा रकाना केला : गाडी कुठे किती तास उभी असते? प्लॉटवर रात्री दहा-अकरा तास. रस्त्यावर दोन तास. आणि ऑफिसच्या आवारात नऊ ते दहा तास, पत्र्याच्या शेडखाली, वॉचमनच्या नजरेसमोर. मला रोज लागणार सव्वानऊ युनिट. साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट ताशी तीनेक युनिट देतो. म्हणजे तीन-सव्वातीन तासांचं काम आणि हातात नऊ तास. जलद चार्जर नको, ट्रान्सफॉर्मर नको, लाखांचा खर्च नको. शेडखाली एक औद्योगिक सॉकेट, वेगळा एमसीबी आणि एक सबमीटर.

ऑफिसच्या व्यवस्थापनाशी तीन बैठका झाल्या. पहिली शंका : हे वीज विकणं होतं का, त्याला परवाना लागेल का? नाही. गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे आणि तिला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केलेला आहे. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही घरी किंवा ऑफिसात आपल्या असलेल्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा दिली आहे. दुसरी शंका : एकाला दिलं तर सगळे मागतील. उत्तर : मागू देत, मीटर लावलाय, जो वापरेल तो भरेल. अखेर युनिटला दहा रुपये ठरले. वीज, देखभाल सगळं धरून. दोन सॉकेट लागले. दुसरा तीन महिने रिकामा होता, आता त्याच्यासाठी आम्हा तिघांत वेळापत्रक आहे.

माझं महिन्याचं बिल येतं सव्वाबावीसशे ते साडेबावीसशे. घरच्या पावणेतीन हजारांपेक्षा कमी, कारण घरचं गृहज्योतीचं शून्य बिल शून्यच राहिलं! हा भाग मी अप्पांना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी दुकानातल्या मंडळींना तो माझ्यापेक्षा चांगला समजावला.

दीड वर्षाचा अनुभव थोडक्यात सांगतो. बॅटरी पूर्ण भरली की गावात १९० किलोमीटर धरून चालतो. कंपनीच्या प्रमाणपत्रातला आकडा यापेक्षा बराच मोठा असतो, तो चाचणीतला आकडा आहे. महामार्गावर ९० च्या वेगाने १५०-१६०. पेट्रोल गाडीच्या हे उलट आहे. सिग्नल, गर्दी, थांबा-निघा यात विजेची गाडी खूश असते, कारण ब्रेक लावताना मोटर उलटी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे सकाळी जाताना जास्त खर्च आणि संध्याकाळी उतारावर कमी. हे मला पेट्रोल गाडीत कधी कळलं नव्हतं. इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग ही भानगड नाही. टायर मात्र जरा लवकर झिजतात. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे. जुन्या गाडीला भाव किती येईल, हे त्या वेळच्या बाजारावर सोडलंय.

रात्री गाडी प्लॉटवर लावते वेळी बॅटरीत निदान साठ टक्के असावेत असा नियम केलाय. मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर 'चार्जिंग नाही' असं म्हणायची वेळ येऊ नये. शुक्रवारी पूर्ण भरून घ्यायची, म्हणजे शनिवार-रविवारची सोय होते. कोल्हापूरला मावशीकडे जाताना, दोनशेवर किलोमीटर आहे, बेळगाव ओलांडल्यावर एक थांबा घेतो. एकदा ठरवलेल्या ठिकाणचा चार्जर बंद निघाला आणि पुढच्या केंद्रापर्यंत एसी बंद करून, सत्तरच्या वेगाने जावं लागलं. आई मागून म्हणाली, "बरं झालं, प्रथमच तू हळू चालवलीस." तेव्हापासून दोन पर्याय हातात ठेवूनच निघतो.

आता परवडण्याबद्दल. पेट्रोल आणि इलेक्ट्रिक मॉडेलच्या किमतीत आम्हाला तीन लाखांचा फरक पडला. महिन्याला पावणेआठ हजार वाचतात, म्हणजे सव्वातीन वर्षांत फरक वसूल. पण माझ्या मित्राचं ऑफिस गोकुळ रोडवर आहे, जाऊन-येऊन १५ किलोमीटर. त्याचं पेट्रोलच महिन्याला तेवीसशेचं. त्याचे वाचणार जेमतेम अठराशे. तीन लाख वसूल व्हायला चौदा वर्षं, बॅटरीच्या हमीपेक्षा जास्त. त्याला मी स्पष्ट सांगितलं : तुला गाडी नको, इलेक्ट्रिक स्कूटर घे, आणि पावसात बस. गंमत बघा, रोज थोडं फिरणाऱ्यासाठी ही गाडी सोयीची म्हणतात, पण पैसे वाचतात ते रोज भरपूर आणि ठरावीक अंतर जाणाऱ्याचे. धूर वाचवण्यासाठी कुणी घेत असेल तर तो हिशेब वेगळा, आणि गदगकडे जाताना डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या बघितल्या की तोही मनात येतोच.

एक गोष्ट अजून टांगलेली आहे. माझं सगळं गणित ऑफिसच्या सॉकेटवर उभं आहे. आमच्या क्षेत्रात नोकरी आज आहे, उद्या नाही. बदलली तर सॉकेटही गेला. म्हणून मी प्लॉटच्या मालकाच्या मागे लागलो आहे. त्याच्याकडे आता पेठेतल्या तीन इलेक्ट्रिक रिक्षाही रात्री उभ्या राहतात. रिक्षावाले दिवसा कुठेतरी वेळ काढून चार्ज करतात आणि तेवढा धंदा बुडतो. खांब फाटकापाशी आहे, फक्त मीटर घ्यायचाय. दोन महिने तो "बघू, बघू" म्हणत होता. परवा भाडं द्यायला गेलो तर अप्पा तिथेच खुर्ची टाकून बसलेले. मालक त्यांचा जुना गिऱ्हाईक. मला बघून मालक कन्नडमध्ये म्हणाला, "तुमच्या वडिलांनी सगळं सांगितलंय. परवाना लागत नाही म्हणे. तुम्ही चौघं मिळून महिन्याला किती युनिट घ्याल ते लिहून द्या, मग वायरमनला बोलावतो."

शीट उघडून आकडे काढले आहेत. या रविवारी नेऊन देतो. तुमच्या गल्लीत, पेठेत, सोसायटीत कुणी असा काही मार्ग काढला असेल तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर लिहा. पोर्च नसलेली आपण बरीच मंडळी आहोत.